गोठा, गादी आणि पेव्हर ब्लॉक

नवी मुंबईत पाऊस सरला की सातवीण फुलते. जेवणं उरकून शतपावलीला निघालेल्या माणसांत त्या वासाने दोन तट पडतात. एक डोळे मिटून श्वास ओढणाऱ्यांचा, दुसरा नाकाला रुमाल लावून झाड छाटण्याचा अर्ज मनात जुळवणाऱ्यांचा. मी पहिल्या तटातला. उग्र वासाने काहींचं डोकं चढतं हे कबूल. पण सातविणीचा पराग मुख्यतः किडे वाहतात, वारा नव्हे. वर्षभराच्या शिंकांचं खापर तिच्या माथी फोडण्याआधी एकदा आपली गादी उचलून पाहावी. डोळ्यांना न दिसणारे धुळीतले माइट तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असतात. आपल्या अंगावरून झडलेली कातडी हे त्यांचं अन्न, आणि खाडीवरची दमट हवा त्यांना फार मानवते.

या माइटची एक गंमत खाडीकाठच्या माणसाने ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या अंगात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. झुरळातही ते असतं आणि कोलंबीतही. तिन्ही इतकी सारखी, की गादीतल्या माइटवर चिडलेलं शरीर पुढे ताटातल्या कोलंबीवरही चिडू शकतं. करावे गावात एका आगरी घरी जेवायला बसलो होतो. नातवाच्या ताटात कोलंबी नाही, सोडे नाहीत, नुसतं वरण. आजीला ते ताट बघवत नव्हतं. "आमचे टायमाला असा काय नव्हता," ती म्हणाली. सुनेने ओट्यावरची सेटिरिझिनची, अ‍ॅलर्जीच्या औषधाची बाटली मुकाट्याने कपाटात सरकवली.

आजीचं म्हणणं थोडं खोडता येईल. तेव्हाही अंगावर गांधी उठायच्याच. आमसुलाचं पाणी लावलं की विषय संपायचा. घराच्या कोपऱ्यात एखादा दमेकरी धापा टाकत बसलेला असायचाच, त्याला कुणी मोजत नव्हतं. तरीही अ‍ॅलर्जीतली वाढ निव्वळ मोजण्यामुळे झालेली नाही. इंग्लंडमधल्या जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच उन्हाळी शिंकांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढची नऊ वर्षं असे आणखी रुग्ण शोधले, तेव्हा जेमतेम २८ सापडले. आज त्याच देशात दर चार-पाच माणसांतला एक याच शिंकांनी हैराण असतो. रक्त दोनशे वर्षांत एवढं बदलत नाही. बदलतं ते घर.

आणि घर किती झपाट्याने बदलतं, हे आमच्या शहराइतकं क्वचितच कुठे दिसेल. १९७० च्या मार्चमध्ये नवं शहर वसवणारं महामंडळ, सिडको, स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी ठरल्या. भातखाचरं, खारबांध, मिठागरं. आजीच्या लहानपणी दाराशी बैल होते, पायाला चिखल होता, भावंडांची रांग होती. नातू जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरच्या टॉवरमध्ये, एसीसाठी बंद केलेल्या खिडकीआड एकुलता एक वाढतो. युरोपात जे शंभर-दीडशे वर्षांत झालं, ते इथे दोन पिढ्यांत उरकलं.

डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्याच्या पाठीशी मोठी भावंडं जास्त, त्याच्या नाकाला त्रास कमी, असं निघालं. लहानपणीच्या जंतुसंसर्गाची देवघेव कमी झाली म्हणून हे होत असावं, असा त्यांचा तर्क. पुढे त्यात भर पडत गेली. अ‍ॅलर्जीत उसळणारी आयजीई प्रतिपिंडं मुळात पोटातल्या जंतांशी लढण्यासाठी घडलेली असावीत. जंत गेले, फौज उरली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं ती परागाला आणि कोलंबीला शत्रू ठरवू लागली.

मला सर्वांत पटतो तो २०१६ चा अमेरिकेतला अभ्यास. अमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज. मूळ मध्य युरोपातलं, जगणं साधं, खाणंपिणं सारखं. पण अमिशांचा गोठा घराला लागून, घोड्या-गुरांची शेती. हटराइटांची शेती यंत्रांची, मोठ्या सामूहिक गोठ्यांची, वस्तीपासून दूर. अमिश मुलांत दमा हटराइटांच्या जेमतेम चौथाई. संशोधकांनी दोन्ही घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली. अमिश घरातल्या धुळीने उंदरांना दम्यासारख्या त्रासापासून वाचवलं. म्हणजे धूळ आणि धूळ यांत फरक आहे. आजीच्या अंगणातली धूळ वेगळी, आणि तुर्भ्याच्या दगडखाणींची, महामार्गावरच्या कंटेनरची वेगळी.

मग एमआयडीसीतल्या कारखान्यांचा धूर? रात्री कोपरखैरणे-वाशीकडे उग्र दर्प येतो तेव्हा सगळा दोष तिकडे ढकलावासा वाटतो. पण बर्लिनची भिंत पडल्यावर एरिका फॉन मुटियस यांनी पूर्व आणि पश्चिम जर्मनीतल्या मुलांची तुलना केली, तर कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या लाइपझिगच्या मुलांत ब्राँकायटिस जास्त, अ‍ॅलर्जी मात्र श्रीमंत म्युनिकमध्ये जास्त. धूर निर्दोष नाही. डिझेलचे कण नाक-फुप्फुसांची अस्तरं सोलतात, आधीच्या दम्याला पेटवतात. पण नातवाच्या वरणाचं कोडं एकट्या चिमणीने सुटत नाही.

यावरून कुणी "पोरांना घाणीत लोळू द्या" असं सांगू लागलं, की माझं डोकं फिरतं. साबणाने वाचवलेली बालकं विसरू नका. गटाराचं पाणी कुणाला काही शिकवत नाही, ते कावीळ आणि टायफॉइड देतं. हात धुवाच. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मात्र मागू नका. आणि माती परत आणा. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली, तर २८ दिवसांत मुलांच्या कातडीवरचे जंतू विविध झाले, रक्तातही प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या खुणा वाढल्या. अ‍ॅलर्जी टळते असं त्यातून सिद्ध झालेलं नाही, पण दिशा कळते.

आमच्याकडे प्रवास उलटा चालू आहे. बागेत चिखल होतो म्हणून पेव्हर ब्लॉक, झाडाच्या बुंध्याला सिमेंटचा गळपट्टा, वर रबराची चटई. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत उरलेली माती झाकायचा ठराव आला, तर कृपा करून विरोधात हात वर करा.