पोपटीचे मडके

मनुष्यास एकट्याने जेवता येते. परंतु काही पदार्थ असे आहेत की ते एकट्याने करताच येत नाहीत. आमच्या कर्जत-खालापूर भागातील पोपटी हा त्यांपैकी एक होय. तिला कोणी पक्वान्न म्हणणार नाही. तिच्यात तेल नाही, तूप नाही, पाण्याचा थेंबही नाही. तथापि थंडीच्या दिवसांत चार माणसे जमली व शेतात वाल तयार असला, म्हणजे येथील मनुष्यास प्रथम पोपटीच आठवते.

मेळाव्यासाठी असा एखादा सोपा व सर्वांस पुरणारा पदार्थ बहुतेक सर्वच लोकांनी योजून ठेवलेला असतो. अमेरिकेतील यूटा राज्यात बटाटे, चीज व मलई एका भांड्यात घालून भट्टीत भाजतात, आणि ज्या घरी मृत्यू झाला असेल त्या घरच्या मंडळींसाठी शेजारणी ते भांडे घेऊन जातात. म्हणून त्या पदार्थास ‘अंत्यविधीचे बटाटे’ असेच नाव पडले आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात तापलेल्या दगडांवर मांस, बटाटे व शेंगा रचून, वर सुवासिक पाला व माती घालून सर्व शिजवितात. बटाट्याचे मूळ घर तिकडचेच. त्याचे नाव आपण पोर्तुगिजांकडून घेतले. आणि आज तो आमच्या मडक्यात वालाच्या शेजारी असा बसला आहे की, तो एके काळी परका होता हे कोणास सांगूनही खरे वाटू नये.

ज्या वाचकांनी पोपटी पाहिली नसेल, त्यांच्याकरिता तिची कृती सांगतो. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल पेरतात. पौष-माघात त्याच्या शेंगा भरतात. त्याच सुमारास बांधावर व पडीक जागेत भांबुर्डा माजतो. त्याचा पाला चुरगळला असता कापरासारखा उग्र वास येतो. मडक्याच्या तळाशी हा पाला दाबून बसवावा. त्यावर धुतलेल्या, न सोललेल्या शेंगा घालून जाडे मीठ व ओवा पेरावा. मग बटाटे, रताळी व कांदे, आणि पुन्हा शेंगा. ज्यांस मांसाहार चालतो ते अंडी, तसेच मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून मध्ये ठेवितात. शेवटी मडक्याचे तोंड भांबुर्ड्याने गच्च बंद करून ते जमिनीवर पालथे ठेवावे, व भोवती पेंढा, काटक्या आणि गोवऱ्या रचून पेटवावे. सुमारे अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारावे. थेंब चर्र करून तत्काळ उडाले, म्हणजे पोपटी झाली.

यात पदार्थविज्ञानाचा एक सुंदर धडा आहे. शेंगांतील व पाल्यातील पाण्याचीच वाफ होते. ती हलकी असल्यामुळे वर जाऊ पाहते, व पालथ्या मडक्याच्या बुडाशी अडून राहते. जो तो पदार्थ आपल्या व शेजाऱ्याच्या ओलाव्यावर शिजतो. मात्र मला तिचा मोठा गुण वेगळाच वाटतो. शेंगा खुडण्यास एक, पाला आणण्यास दुसरा, जाळ राखण्यास तिसरा, अशी माणसे लागतात. आणि मडके तापेपर्यंत सर्वांना एकाच जाळाभोवती बसून वाट पाहावी लागते. शेवटी मडके एकाच चादरीवर वा केळीच्या पानांवर रिते होते, व सर्वांचे हात त्यातच जातात. ज्या जिल्ह्यात, तो कुलाबा म्हणविला जात असता, १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी हजारो माणसांस डॉ. आंबेडकरांसमवेत चालत जावे लागले, त्या जिल्ह्यात एका मडक्यातून सर्वांनी खाणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

परंतु ‘सर्वांनी’ हा शब्द लिहिताना लेखणी किंचित अडखळते, व त्याचे कारण सांगणे मला अवश्य वाटते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील मुलांनी पोपटी लावावयाचे ठरविले. सातवीच्या त्या वर्गात कातकरी वाडीवरचा एक मुलगा होता. गणिताच्या तासास तो मान वर करीत नसे. त्या दिवशी मात्र सर्व वर्ग त्याच्या मागून चालला होता. खरा भांबुर्डा कोणता व त्यासारखी दिसणारी भलतीच झाडे कोणती, हे त्याने वासावरून ओळखून दाखविले. जाळ कोणत्या बाजूस वाढवावा, कोठे आवरावा, हेही त्यानेच सांगितले. एरवी त्याच्याजवळ न बसणारी मुले त्या सायंकाळी त्याच्या हातून भाजके बटाटे घेत होती.

पुढील वर्षी पोपटी लावली तेव्हा तो नव्हता. दिवाळीनंतर त्याचे कुटुंब वीटभट्टीवर गेले होते. या दोन्ही तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबांची हीच रीत आहे. पावसाळ्यात घरी काम नसते, तेव्हा मालकाकडून उचल घ्यावी लागते. आणि ती फेडण्यास कोरड्या दिवसांत सर्व कुटुंबासह भट्टीवर राहावे लागते. वीट वाळण्यास जे दिवस लागतात, नेमके तेच पोपटीचे दिवस व तेच अभ्यासाचे दिवस. त्या विटांची जी घरे उठतात, त्यांतील कित्येकांखालची जमीनही एके काळी वालाचीच होती.

एका रविवारी उपासना आटोपल्यावर त्याची पुस्तके घेऊन मी भट्टीवर गेलो. त्याच्या वडिलांनी गोणपाट अंथरून मला बसविले व चहा दिला. मुलाने राखेत भाजलेला बटाटा फुंकून माझ्या हातावर ठेवला व विचारले, “सर, यंदा पोपटी लावली का?”

“लावली.”

“भांबुर्डा कोणी आणला?”

मी म्हणालो, “मुलांनीच आणला; पण निम्मा पाला भलत्याच झाडाचा निघाला.” तो खळखळून हसला. त्याचे वडीलही हसले. मग तो पुस्तक उघडून मागील महिन्यात कोणते धडे झाले ते विचारू लागला. त्यापुढे दर पंधरवड्यास वर्गातील दोन मुले झालेले पाठ स्वच्छ लिहून काढीत, व ते मी त्याच्याकडे पोहोचवीत असे. पावसाच्या तोंडावर तो परतला, तेव्हा त्याची राहिलेली परीक्षा घेण्यात आली, व तो नववीत गेला.

विद्यार्थिमित्रहो, वाल आपला हंगाम बदलणार नाही. वीटही भर पावसात वाळणार नाही. या तिघांत वाकणे शक्य आहे ते केवळ शाळेस. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या बालकास शाळेचा अधिकार दिला आहे, व गाव बदलल्यास तेथील शाळेत दाखला बदलून घेण्याची सोयही केली आहे. परंतु कायदा भट्टीवर पाठ लिहून नेत नाही. ते काम वर्गसोबत्यांचे आहे, व त्यास दोन वह्या आणि थोडी पायपीट एवढेच लागते. म्हणून येत्या थंडीत तुम्ही मडके लावाल, तेव्हा पाला गोळा करण्यापूर्वी वर्गाची हजेरी घ्या. आणि जो नसेल तो कोठे आहे, याची चौकशी त्याच दिवशी करा.