बोटानं दाखव

शोधाशोधीच्या खेळाची माझी पहिली यादी अजून वहीत आहे. पीस ५ गुण, शेंग ५, घरटं १०. एका श्रावणात कोल्हापूरबाहेरच्या मळ्यात मुलांना सोडलं आणि पाऊण तासानं एक मुलगा धावत आला. हातात सुगरणीचं हिरवट घरटं, आत दोन पांढरी अंडी. "सर, धा मार्क!" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. यादी मी लिहिली होती.

तेव्हापासून आमच्या खेळात काही आणायचं नसतं, बोटानं दाखवायचं. गुणही गेले. आता सगळी मेहनत प्रश्न घडवण्यात जाते. 'घरटं शोधा' याऐवजी मी विचारतो, विहिरीवरच्या घरट्यांत अर्धवट किती? सुगरणीचा नर उसाच्या, गवताच्या पात्यांच्या धांदोट्या विणून टोपीसारखं अर्धं घरटं टांगतो. मादीला पसंत पडलं तरच पुढची नळी विणतो. मोजता मोजता मुलंच विचारतात, "ही का सोडली असतील?" इथं खेळ माझ्या हातून त्यांच्या हातात जातो, आणि मला तेच हवं असतं.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर टिबुकली असते. तिनं बुडी मारली की मनात आकडे मोजायचे आणि ती वर येईल असं वाटेल तिथं बोट रोखायचं. पंधरा, सोळा, सतरा. वीसेक पोरं श्वास रोखून गप्प. एरवी कितीही दटावून ही शांतता मिळत नाही. मग ती भलतीकडंच वर येते आणि गलका होतो, "आरं, तिकडं बघ की!"

पक्ष्याचं नाव मात्र मी सगळ्यात शेवटी सांगतो, आणि याबाबत मी हट्टी आहे. आधी सांगितलं की मुलं ते वहीत उतरवतात. पक्षी पाण्यावर आणि माना खाली. अंग काळं, चोच पांढरी, कपाळावर पांढरा टिळा, इतकं त्यांच्या तोंडून आलं की मी म्हणतो, "हा वारकरी." ते नाव मग कुणी विसरत नाही.

तलाव लांब असेल तर कुंडीतला कढीपत्ताही पुरतो. पावसाळ्यात त्याच्या पानावर पाखराची शीट दिसली तर पुसू नका, रोज बघा. ती जागा बदलत असेल, तर ती फुलपाखराची लहान अळी आहे. मोठी झाली की हिरवी होते.

आईबाबांना एक विनंती. रंकाळ्यावर मुलांना घेऊन याल तेव्हा मोबाइलवर नाव शोधून देण्याआधी टिबुकलीची एक बुडी तरी त्यांना मोजू द्या.