शेंदुर्णीच्या वाटेवरील लोखंडी शिलालेख

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात असल्यामुळे या बाजूस येणाऱ्या प्रवाशाची दृष्टि पाषाणावरच खिळते. आम्ही मात्र सोयगावाहून शेंदुर्णीस गेलो, ते जुने लोखंड धुंडाळण्यास. १९४८ पर्यंत सोयगाव निजामाच्या मुलखात होते. शेंदुर्णी इंग्रजी अमलाखालील खानदेशात. पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची, सुमारे ५६ किलोमीटरांची ‘पी. जे.’ शेंदुर्णीवरूनच जात असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस निघालेली ही गाडी २०२० साली थांबली, आणि आता या मार्गाचे रुंदीकरण योजिले आहे.

रुळाच्या अंगावर कारखान्याचे नाव व घडणीचे साल उठावाच्या अक्षरांत असते. तो एक शिलालेखच होय. परंतु भंगाराच्या तराजूस अक्षरओळख कोठली? अशी वस्तू उचलून घरी आणणे मात्र १९६६ च्या कायद्याने गुन्हा ठरतो. तेव्हा जिज्ञासूंनी ती अक्षरे टिपून घ्यावीत. निवडक वस्तूंस नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली उघडलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात आश्रय मिळावा, म्हणून रेल्वेखात्यास लिहावे. आणि खानदेशांतील आपल्या घरच्या आजी-आजोबांकडून या गाडीच्या आठवणी आजच उतरवून घ्याव्यात. त्यांस कोणतेही संग्रहालय पुरे पडणार नाही.