चार सूत माया

वाईच्या आमच्या घरी माजघरातल्या खिडकीखाली आत्याचं हातमशीन होतं. काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेलं सिंगर. देश स्वतंत्र होण्याआधी तिने ते हप्त्यांवर घेतलं होतं आणि शेवटचा हप्ता भरल्याची पावती देवघरातल्या पोथीत जपून ठेवली होती. दिवाळीआधीचे दोन महिने त्या मशीनला उसंत नसे. आळीतल्या मुलींची परकर-पोलकी, एकाच ताग्यातून बेतलेले भावाभावांचे सदरे, कुणाची कुंची, कुणाचे पडदे. इतरांची दिवाळी चकलीच्या खमंग वासाने सुरू होत असेल. माझी अजूनही मशीनच्या तेलाच्या वासाने होते.

आत्या बाबांपेक्षा दहा वर्षांनी मोठी. फार लहान वयात तिच्या कपाळाचं कुंकू गेलं. आजोबांनी तिला घरात कोपऱ्यात बसू दिलं नाही, पुण्याला सेवासदनात पाठवलं. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली सुरू केलेल्या त्या संस्थेत तिच्यासारख्या कितीतरी जणी शिकत होत्या. कुणी परिचारिका झाल्या, कुणी शिक्षिका. आत्या शिवण शिकून आली. पुढे चाळीस वर्षं तिने कुणापुढे हात पसरला नाही. भाऊबीजेला बाबा तिला ओवाळणी घालत, तेव्हा तीही त्यांच्या हातात स्वतः शिवलेला सदरा ठेवी.

१९७४ सालच्या श्रावणात ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मी तेरा वर्षांची, आठवीत. शाळेत शिवणाच्या तासाला रुमालाला धावदोरा घालण्यापर्यंत माझी मजल गेलेली. ताईसाठी डिंकाचे लाडू कधी करायचे, अळीव कुठून आणायचे, अशी बोलणी चालली असताना आत्या मध्येच म्हणाली, "बाळाचं पहिलं झबलं मावशीने शिवायचं."

"कोण मावशी?" मी विचारलं.

"तूच की गं! आणखी कोण?"

कुणाची तरी मावशी होणार हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. त्या एका शब्दाने मी मोठी झाले आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मशीनसमोर मांडी घालून बसले.

आत्याने आधी दोरा ओवूच दिला नाही. वहीचा रेघा आखलेला कागद दिला आणि नुसत्या सुईने त्या रेघांवरून जायला सांगितलं. हातमशीनला उजवा हात दांड्याला गुंततो, कपडा सांभाळायला उरतो फक्त डावा. त्यामुळे सुई रेघेवरून घसरायची आणि कागदावर भोकांची नागमोडी वाट उमटायची. "सुईकडे बघू नको, रेघेकडे बघ," आत्या सांगायची. "सुई आपल्या जागी आहे. कपड्याला वाट आपण दाखवायची." चार दिवस मी कागदच शिवला. पाचव्या दिवशी रेघ आणि भोकं एकावर एक आली, तेव्हा तिने मांजरपाटाचे दोन तुकडे हातात ठेवले.

साधी शिवण मला येत होती. दोन तुकड्यांच्या सुलट्या बाजू समोरासमोर ठेवायच्या, कडेने टीप मारायची आणि उलटायचं. आत्याने माझी शिवण आतून दाखवली. कातरलेल्या दोन्ही कडा उघड्या होत्या आणि त्यांतून सुतं निघायला लागली होती. तिने तो तुकडा माझ्या मनगटावर घासला. खरखर लागली.

"तुझी कातडी तेरा वर्षांची आहे. बाळाची तेरा दिवसांचीही नसेल," ती म्हणाली. "वरून कपडा दिसतो लोकांना. बाळाच्या अंगाला लागते ती आतली बाजू. म्हणून आपली खरी परीक्षा आत."

मग तिने मला बंद शिवण शिकवली. पुस्तकांत तिला फ्रेंच शिवण म्हणतात, आत्या म्हणायची 'उलटसुलट'. आधी सगळं उलटं करायचं. उलट्या बाजू एकमेकींना चिकटवायच्या, सुलट्या बाहेर, आणि कडेपासून दोन सूत आत पहिली टीप मारायची. सुतार आणि शिंपी यांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग एक सूत ठेवून बाकीची कड कातरून टाकायची. नखाने शिवण मोडायची, म्हणजे टीप अगदी कडेला येते. कपडा पलटायचा, आता सुलट्या बाजू समोरासमोर, आणि पुन्हा दोन सुतांवर दुसरी टीप. पहिल्या टिपेच्या कच्च्या कडा या दुसऱ्या शिवणीच्या पोटात कायमच्या बंद होतात. कपडा उलटून पाहिला तरी एकही सुटा धागा दिसत नाही. दिसते फक्त एक बारीक, भरीव रेघ.

"म्हणजे बेततानाच प्रत्येक बाजूला चार सूत माया जास्त सोडायची," आत्या बोटांवर मोजत म्हणाली. "दोन पहिल्या टिपेला, दोन दुसरीला. माया न सोडता बेतलेलं झबलं बाळाच्या डोक्यातून जात नाही."

माया! शिवणीसाठी आत सोडलेल्या जास्तीच्या कपड्याला आपल्या भाषेत माया म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. शब्द रोजचाच, पण त्याला कडेला खडूची खूण असते आणि तो इंचटेपने मोजता येतो, हे नवीन होतं.

पहिल्याच तुकड्याला मी चुकले. हात सवयीने सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून बसला आणि दोन्ही टिपा झाल्यावर ती भरीव रेघ बाहेर आली. आत्याने काही न बोलता ब्लेडचा तुकडा पुढे केला. उसवणं तिने मला शिवण्याइतक्याच निगुतीने शिकवलं. चार टाक्यांआड एक टाका कापायचा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा अलगद ओढायचा. तो अख्खाच्या अख्खा निघून येतो आणि कापडाला इजा होत नाही. खसकन ओढलं तर कापड फाटतं. दुसऱ्यांदा दिशा बरोबर आली, पण पहिली टीप झाल्यावर कड नीट कातरलीच नव्हती. एक सुताऐवजी दीड-दोन सूत राहिली आणि दुसऱ्या शिवणीतून बारीक पांढरी सुतं बाहेर डोकावायला लागली. "झबल्याला मिशा फुटल्या बघ!" आत्या हसली. ताईही पोटावर हात ठेवून खूप हसली. मी पुन्हा उसवायला बसले. असे नऊ तुकडे झाले. दहाव्याला आत्याने डोळे मिटून आतून अंगठा फिरवला, कुठेच थांबला नाही, तेव्हा ती उठली आणि ट्रंक उघडली.

ट्रंकेतून निघालं आजीचं नऊवारी सुती लुगडं. वर्षानुवर्षं कृष्णेच्या पाण्यात धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. नव्या जिवाला पहिला कपडा जुन्यातला, असा आपल्याकडचा रिवाज. त्यामागे आशीर्वाद आहे, तशी सोयही आहे. जुनं सुती कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, त्यात खळ उरलेली नसते आणि घाम ते चटकन टिपतं. आत्याने मशीनची सुई बदलून बारीक, अकरा नंबरची घातली, टाका लहान केला. विरलेल्या कापडावर जाड सुई भोकं पाडते.

झबल्याची बाही अंगातच बेतलेली असते, त्यामुळे बाहीपासून कंबरेपर्यंत एकच शिवण जाते आणि काखेपाशी वळते. ते वळण सगळ्यांत अवघड. सरळ जाताना गुणी वाटणारी बंद शिवण वळणावर ओढ धरते आणि चुणी पडते. आत्याने पहिली टीप झाल्यावर, एक सूत उरलेल्या कडेला वळणापुरत्या दोन-तीन बारीक चिरा दिल्या, टिपेला धक्का न लावता. पलटल्यावर कड पंख्यासारखी पसरली आणि चुणी गेली. गळ्याला उरेब पट्टी लावली, कारण तिरकं कापलेलं कापड गोलाईबरोबर वळतं. बटण नाही, हूक नाही. पाठीवर बांधायला दोन बंद. त्या बंदांच्याही कडा आत.

त्याच महिन्यात तिने मला शिवणीचे इतर स्वभाव दाखवले. बाबांच्या लेंग्याची शिवण वेगळी: एक कड अर्धी कातरायची, दुसरी तिच्यावर दुमडून सपाट टीप मारायची. अशी शिवण मांडी घातली तरी रुतत नाही आणि दगडावर आपटून धुतली तरी उसवत नाही. वाढत्या मुलींच्या पोलक्यांना मात्र ती बंद शिवण कधी घालत नसे. तिथे आत दोन्ही बाजूंना चांगली इंचभर माया सोडायची, प्रत्येक कड वेगळी दुमडून टीप मारायची. मी विचारलं, "बाळाच्या झबल्याची माया कातरून का टाकायची मग?"

"बाळ तीन महिन्यांत झबल्यात मावत नाही. तितक्यासाठी कुणी उसवत बसतं का? ते झबलं पुढच्या बाळाला जातं," ती म्हणाली. "मुलगी मात्र त्याच पोलक्यात दोन वर्षं वाढते. तिच्यासाठी आत शिल्लक ठेवावं लागतं."

संध्याकाळी मशीनवर झाकण घालताना आत्या कधी कधी गांधीजींची गोष्ट सांगे. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद ठरवलं होतं. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र काढलं, असं ते म्हणाले होते. आत्याला ही गोष्ट फार आवडे. ती सांगताना तिचा हात झाकणावरून फिरत असायचा.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ताईला मुलगा झाला. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला नदीपलीकडून एक म्हातारी येत असे. तिच्या हाताखालून निम्म्या वाईची मुलं गेली असतील. तिने बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, शेकलं, धुरी दिली आणि मी पुढे केलेलं झबलं हातात घेतलं. घालण्याआधी ते उलटं केलं. काखेपासून खालपर्यंत आतून तिचं जाड, चिरा पडलेलं बोट फिरलं. माझा श्वास अडकला.

"कुनी शिवलंया ह्ये?"

"हिने," आत्या म्हणाली. "मावशीने."

"कुटं बोचत न्हाई बगा," म्हातारी म्हणाली आणि तिने बाळाचे इवले हात बाह्यांतून ओढून घेतले. त्यानंतर मला शाळेत बक्षिसं मिळाली, नोकरीत बढत्या मिळाल्या, पण त्या चार शब्दांची सर कशालाच आली नाही.

बाराव्या दिवशी बारसं होतं आणि तीच वसुबारस. अंगणात आईने गाय-वासराला पुरणाचा घास भरवला आणि आत पाळणा सजला. आजोळचा बाळंतविडा ताटांत मांडला होता: टोपडी, कुंच्या, दुपटी, लंगोट, नव्या मलमलीची झबली. पाहुण्या बायका एकेक वस्तू उचलून बघत होत्या. काहीजणी उलटूनही बघत होत्या. त्या कुणाकडे शिकल्या असतील, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि आजही कुणी कपडा उलटून बघताना दिसलं की ती बाई मला आपली वाटते.

ते झबलं पुढे घरातल्या पाच बाळांच्या अंगाला लागलं. आता पाठीवर कापड इतकं विरलंय की उजेडाला धरलं तर पलीकडची खिडकी दिसते. बाजूच्या दोन शिवणी मात्र तशाच आहेत. कापडाचे थर तिथे एकावर एक बसलेले, त्यामुळे सगळ्यांत उशिरा झिजणार त्याच. मधल्या काळात बाजारात ओव्हरलॉकची मशीनं आली. गल्लोगल्ली पिको-फॉलच्या पाट्यांखाली 'इंटरलॉक करून मिळेल' अशी ओळ दिसू लागली. त्या मशीनने कड कापली आणि बांधली जाते, काम झटकन होतं. त्याने शिवणाऱ्या बायांचे कितीतरी तास वाचले याचा मला आनंदच आहे. पण तान्ह्या बाळाचं काही शिवायचं असलं की मी अजून चार सूत माया सोडते, दोनदा टीप मारते आणि मग डोळे मिटून आतून अंगठा फिरवते.

आत्या १९९१ साली गेली. दिवस झाल्यावर आईने तिची ट्रंक उघडली. आत सहा पोलकी होती, पांढरी आणि फिकट निळी, तिने स्वतःसाठी शिवलेली. शेवटच्या वर्षांत ती फार वाळली होती. दर वर्षी पोलकं थोडं आत घ्यायची, पण जास्तीचं कापड तिने कधी कातरलं नव्हतं. आई आणि मी ती उलटी करून बघत बसलो. प्रत्येक पोलक्याच्या आत एकाशेजारी एक टिपांच्या रेघा होत्या, एकेका वर्षाची एकेक. प्रत्येक कड दुमडलेली, एकही सूत सुटं नाही.

आई अंगाने आत्यापेक्षा भरलेली. तिने एक पोलकं छातीशी लावून पाहिलं, मग ब्लेडचा तुकडा मागितला. चार टाक्यांआड एक टाका कापत मी त्या टिपा उसवल्या. दोन्ही बाजूंची इंच-इंचभर माया मोकळी झाली. बाहेरचं कापड धुऊन पिवळसर झालं होतं, आतलं मात्र नव्यासारखं होतं. पोलकं आईला बरोबर बसलं. ती सहाही पोलकी पुढे तीन वर्षं आईच्या अंगात होती.