वालधुनीच्या काठाने

मागच्या महिन्यात एका बैठकीसाठी अंबरनाथला गेलो होतो. बैठक दुपारीच आटोपली. सोबतच्या दोघा कार्यकर्त्यांना म्हटले, "आज लोकल नको. वालधुनीच्या काठाने उल्हासनगरपर्यंत पायी जाऊ." दोघे हसले, पण निघाले.

ही नदी काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर तिच्याच काठावर उभे आहे. ज्यांनी ते दगड घडवले, ते हेच पाणी प्यायले असतील. आज त्या पाण्यात हात घालवत नाही. पुढे कारखान्यांचे, धुलाईचे, रंगाचे पाणी मिसळते आणि नदी कधी काळी, कधी निळसर दिसते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस रात्री कोणीतरी टँकरमधून रसायन ओतले. उल्हासनगरात शेकडो माणसांना उलट्या, मळमळ आणि श्वासाचा त्रास होऊन दवाखाने भरले. नाल्याकाठी राहणाऱ्यांना त्याची झळ आधी बसते आणि तिथे कोण राहते हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात शिरलो तेव्हा करवतीचा आवाज चालू होता. एका गाळ्यामागे भुशाची पोती रचलेली. मिस्त्रींना विचारले, "याचे काय करता?"

"काय करणार साहेब? कोणी नेला तर नेला, नाहीतर जाळतो."

मला आईची भुशाची शेगडी आठवली. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची. त्या भोकातून जाळ यायचा आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक व्हायचा. आपल्या घरांनी भुशाला कधी कचरा म्हटले नाही.

आज हाच भुसा नदीच्या कामी येऊ शकतो. भुशातील सेल्युलोज आणि लिग्निन यांच्या पृष्ठभागावर रंगाचे कण व क्रोमियमसारखे जड धातू चिकटून बसतात. याला शास्त्रात अधिशोषण म्हणतात. शोषण हा शब्द आपण आयुष्यभर लढण्यासाठी वापरला, हा त्याचा एक भला भाऊ! हिसारच्या गुरू जंभेश्वर विद्यापीठातील संशोधकांनी २००३-०४ च्या सुमारास शिसमच्या भुशावर असे प्रयोग प्रसिद्ध केले. एका भुशावर फॉर्मल्डिहाइडची आणि दुसऱ्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया केली. रंग ओढून घेण्यात गंधकाम्लाचा भुसा सरस ठरला.

याहून ताकदीचा माल म्हणजे सक्रिय कोळसा. भुशात फॉस्फोरिक आम्ल मुरवून हवा न लागू देता ५०० अंशांच्या आसपास तापवला की कोळशात अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम कोळशाच्या आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जाऊ शकतो. मी कारकून माणूस, लगेच हिशेब मांडला. १२० चौरस फुटांची चाळीतली खोली धरली तर अशा जवळपास नव्वद खोल्या एका चिमटीत!

पुढच्या रविवारी विहारात मुलांना हे करून दाखवले. भुसा गरम पाण्याने चार वेळा धुतला, कारण नाहीतर त्याचाच तपकिरी रंग उतरतो. माशांच्या दुकानातील मिथिलिन ब्लूचे दोन थेंब पाण्यात टाकले आणि ते निळे पाणी भुशातून हळूहळू गाळले. खाली जवळजवळ नितळ पाणी आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी म्हणाली, "काका, आता हे प्यायचे?"

नाही बाळ. रंग गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. पाण्यात विरघळलेले मीठ भुशाने जात नाही. सगळेच रंगही त्याला सारखे चिकटत नाहीत. शिवाय आजकाल फर्निचरमध्ये प्लायवूड आणि एमडीएफ अधिक. त्यांच्या भुशात डिंकाची रसायने असतात, म्हणून निव्वळ लाकडाचा भुसा वेगळा साठवावा लागतो.

तिने मग दुसरा प्रश्न विचारला, "मग हा निळा भुसा टाकायचा कुठे?" सगळ्या गोष्टीचे मर्म इथेच आहे. कारखान्यातला वापरलेला भुसा म्हणजे एका जागी गोळा झालेले विष. तो तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात रीतसर गेला पाहिजे. पैसे वाचवण्यासाठी तो रात्री नाल्यात गेला, तर आपण केले काय? आणि तो हातमोज्यांशिवाय टाकीत उतरून उपसणारा माणूस कोणत्या वस्तीतून येईल? पर्यावरणपूरक तंत्राचा भार पुन्हा त्याच खांद्यांवर नको.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे दिले आहे. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी हा आपल्या चळवळीचा जुना विषय आहे. तेव्हा पाण्याला हात लावण्याचा हक्क मागितला. आता हात लावण्याजोगे पाणी मागायचे आहे.

म्हणून विनंती एवढीच. ज्या वस्तीजवळ कारखाना आहे, तिथल्या मंडळाने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. सांडपाणी शुद्ध कसे करता, वापरलेला माल कुठे पाठवता, टाकीत कोण उतरतो, हे तीन प्रश्न विचारावेत. अर्ज लिहिण्यास अडचण आली तर आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना हाक मारा. अर्ज लिहिणे हे तर आमचे रोजचेच काम.

जयभीम.