नोटेवरची बाई

नोट आजीच्या चंचीत असते आणि पोराच्या दप्तरातही. त्यामुळे तिच्यावर काय छापलंय यावरून त्या देशात चारचौघांत काय चालतं, याचा थोडाफार अंदाज येतो.

फ्रान्सची 1979 साली चलनात आलेली 100 फ्रँकची नोट बघा. तिच्यावर चित्रकार देलाक्रुआ आहे आणि त्याच्या 1830 च्या चित्रातली स्वातंत्र्यदेवता. हातात झेंडा, छाती उघडी! ही नोट भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांच्या हातून फिरली. 1997 साली तिथे सेझान आला. 2002 मध्ये युरोच्या नोटा आल्या आणि माणसंच गेली, उरले पूल आणि दारं-खिडक्या. ते काही लाजेपोटी नाही हं. एका देशाचा माणूस घेतला तर दुसरा रुसणार ना!

आपल्या 20 च्या नोटेवर 2019 पासून वेरूळची लेणी आहेत, 10 च्या नोटेवर 2018 पासून कोणार्कचं चाक. दोन्ही ठिकाणी उघड्या देहांची शिल्पं आहेत, पण नोटेवर आली ती वास्तू आणि चाक.

आमच्या घरी एका नातेवाइकांनी दिलेली देलाक्रुआची नोट अल्बममध्ये आहे. सूनबाई म्हणाली, "आई, ही छोटीला दाखवू नका." गंमत म्हणजे दिवाळीच्या सुटीत तीच छोटीला घेऊन वेरूळला गेली होती आणि फोटोही पाठवले होते. मी तिला दोष देत नाही. दगड जुना असला की तो वारसा होतो. कागद आजचा असला की भीती वाटते. 1954 साली मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनातल्या 'लव्हर्स' या चित्रांवरून अकबर पदमसींना अटक झाली होती. पुढे कोर्टात ते निर्दोष सुटले.

यवतमाळहून एस्टीने शाळेच्या सहली वेरूळला नेल्या, तेव्हा काय पाहिलं सांगू? मुलं मूर्तींपुढे क्षणभर खुसखुसायची आणि मग कैलास लेण्याचे हत्ती मोजायला पळायची. बस, तेवढंच. लाज पोरांना कमीच असते, आपणच ती शिकवतो.

सूनबाईचं घर, तिची मुलगी, शब्द तिचाच. पण छोटीने आपणहून विचारलं, तर मी नोट लपवणार नाही. झेंडा घेतलेली ती बाई कशासाठी धावतेय, ते सांगेन.

तुम्ही काय केलं असतं, मंडळी? जरूर कळवा.