ज्यांचं देणं लागतो

सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये रात्रभर चालणारी दशावतारी नाटकं मी चित्रित करतो आणि मंडळाच्या संमतीने विकिमीडिया कॉमन्सवर ठेवतो. पेटंटच्या बंधनांमुळे तिथे एमपी४ चालत नाही, मुक्त स्वरूपच लागतं. तसा मी एव्ही१ या मुक्त व्हिडिओ स्वरूपापर्यंत पोहोचलो आणि कधीही भेटणार नाहीत अशा माणसांशी ऋणानुबंध जुळला.

व्हिडिओ लहान करण्याच्या विद्येभोवती पेटंटांचं कुंपण आहे. एचईव्हीसी या स्वरूपासाठी तर परवाने देणारे गटच एकाहून अधिक झाले. २०१५मध्ये गूगल, मोझिला, सिस्को, नेटफ्लिक्स आदी कंपन्या एकत्र आल्या आणि २०१८मध्ये रॉयल्टीमुक्त एव्ही१ जाहीर झालं. कंपन्यांचा त्यात स्वार्थ होताच. माझा जीव मात्र जडला तो आतल्या कारागिरीवर.

दशावतारातल्या संकासुराचा वेष काळाकुट्ट, त्यावर लोंबणारी लाल जीभ. फाइल फार दाबली की त्या जिभेच्या कडेला मुंग्या लागल्यासारखे ठिपके उठतात. एव्ही१ चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे तपासतं, त्यातली कड आठपैकी कोणत्या दिशेने जाते ते हेरतं आणि त्याच दिशेने सफाई करतं. ठिपके विरतात, कड शाबूत राहते. ही गाळणी घडली ती झिफ-मोझिलाचा ‘डाला’ आणि सिस्कोचा ‘थॉर’ या दोन स्वतंत्र प्रकल्पांतल्या कल्पना एकत्र करून. आपापलं घडवलेलं दोघांनीही सर्वांच्या ओटीत घातलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तसेच व्हिडिओलॅनच्या छत्राखाली काम करणारे प्रोग्रामर. एव्ही१ची चिप नसलेल्या फोनांनाही ते पेलावं म्हणून त्यांनी ‘डेव्हिड’ हा खुला डिकोडर, म्हणजे दाबलेली फाइल उलगडून दाखवणारा प्रोग्राम, लिहिला. वेगासाठी त्यातला मोठा भाग थेट असेम्ब्ली भाषेत, हाताने लिहिलेला आहे. आमच्या पखवाजवाल्या काकांचा फोन जुना, घरी रेंज जेमतेम. मी त्यांना छोटी फाइल देतो, हाच डिकोडर असलेल्या व्हीएलसीत ते ती उघडतात आणि आपल्याच हाताचा बोल न अडखळता पाहतात. “हंय मी जरा घाई केलंय,” म्हणत तेवढाच तुकडा पुन्हा लावतात.

या माणसांनी माझ्याकडे काही मागितलेलं नाही, मागणारही नाहीत. म्हणून माझी चित्रणं मी मुक्त परवान्याने देतो आणि गावातल्या पोरांना एन्कोडिंग शिकवतो. घेणेकरी दारात येत नाही, तेव्हा देणं पुढच्याच्या हाती ठेवायचं असतं.